रामटेके दीदी आणि अडीच गोळ्या

संगणकावर चूक आली की लोक वैतागतात, बंद करतात, पुन्हा चालू करतात. रामटेके दीदी ती चूक मोठ्याने वाचायच्या. डावा हात टेबलावर सपाट ठेवून, इंग्रजीतला एकेक शब्द, पहिलीतल्या मुलाने धडा वाचावा तसा. आणि सुरुवात करायच्या शेवटच्या ओळीपासून. "वरचं सगळं रडगाणं असते," त्या म्हणायच्या. "माणूस शेवटी खरं बोलते. खालची ओळ पहिले पाह्य."

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, विजय नगरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात थॅलेसेमियाच्या मुलांचं केंद्र होतं. तिथे मी संगणकाच्या कामासाठी लागले, तेव्हा दीदी साठीला टेकल्या होत्या. पहिल्या दिवशी मी हिंदीतच नमस्ते केलं. त्यांनी माझं आडनाव विचारलं. "बोरकर? अन् हिंदी झाडून राहिली? मराठीत बोल ना, काहून लाजते?" माझं मराठी घरात ऐकण्यापुरतं होतं. ते आज मी लिहू शकते, याचं निम्मं श्रेय त्या खोलीला आहे.

ती खोली म्हणजे पूर्वीची एक्स-रेची जागा. खिडकी नाही, दाराला आतून शिसं ठोकलेलं. दार लागलं की बाहेर ऊन आहे की पाऊस, काही कळायचं नाही. दीदी तिथे पंधरा वर्षं बसत होत्या. मूळच्या त्या लॅब टेक्निशियन. याच शहरातल्या घमापुरात वाढलेल्या, वडील भंडाऱ्याकडून कारखान्यात कामाला आलेले. पंचेचाळिशीत एका जाड पुस्तकावरून त्या पायथन ही संगणकाची भाषा शिकल्या आणि केंद्रासाठी एक प्रोग्राम लिहिला. या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून अंगात साचणारं लोह काढायला रोज गोळ्या घ्याव्या लागतात. कोणाला कधी बोलवायचं, वजनाप्रमाणे गोळ्या किती द्यायच्या, हे सगळं प्रोग्राम काढायचा. चिठ्ठीवर डॉक्टर सही करायचे.

दीदींना जायचं होतं. निवृत्तीची तारीख येऊन गेली होती आणि दोनदा मुदतवाढ झाली होती. मुलगी स्नेहल नागपूरला होती, दिवस भरत आलेले. आधीचं एक बाळ गेलं होतं, म्हणून या वेळी आई जवळ हवी होती. पण व्यवस्थापक दुबे सरांचं ठरलेलं वाक्य होतं, "दीदी, बस ये नया सर्वर लग जाए, फिर आप आज़ाद."

एका रविवारी नवा सर्व्हर, म्हणजे केंद्राचा मुख्य संगणक, लागला. त्यावर पायथनची नवी आवृत्ती होती, कारण जुनीची देखभाल जगभर बंद झाली होती. बसवणारे लोक जुनं मशीन पुसून घेऊनही गेले. सोमवारी प्रोग्राम उघडेना.

प्रोग्राम कोणी एकटं लिहीत नाही. छपाईचं, तारखांचं, जुन्या नोंदी वाचायचं काम जगात कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्या तयार तुकड्यांना पॅकेज म्हणतात. दीदींच्या प्रोग्रामात अशी चोवीस पॅकेजं होती आणि नव्या आवृत्तीत त्यांतली निम्मी मोडली. एक दुरुस्त करावं तर ते दुसऱ्याचं नवं रूप मागायचं. ते आणावं तर तिसरं बंद पडायचं. दीदी म्हणाल्या, "एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात, अन् माझी मान दोघांच्या मधात." बाहेर नर्स हाताने चिठ्ठ्या लिहीत होत्या, आयांची रांग जिन्यापर्यंत गेली होती, आणि दर तासाला कोणीतरी ते जड दार ढकलून विचारायचं, "हुआ क्या?"

शेवटी एकच पॅकेज अडलं, जुन्या नोंदी वाचणारं. त्याला नवी आवृत्तीच नव्हती. दीदींनी ते लिहिणाऱ्या परदेशातल्या माणसाला मेल केला. दोन दिवसांनी उत्तर आलं. क्षमा करा, मी हे काम केव्हाच सोडलं, आता मुलांना पोहायला शिकवतो. दीदींनी ते उत्तर मोठ्याने वाचलं, मग मनात वाचलं. "पाह्य," त्या म्हणाल्या, "याने सोडलं. याला सोडता आलं."

मग त्या पॅकेजचं काम त्यांनी स्वतःच लिहून काढलं. नवव्या दिवशी सकाळी प्रोग्राम चालला. दुबे सरांनी खोव्याची जिलेबी मागवली. दीदींची नागपूरची गाडी दुसऱ्या दिवशी होती. "चल तो रहा है दीदी, अब निश्चिंत होकर जाइए," सर म्हणाले.

दीदींनी जिलेबीला हात लावला नाही. दार लागल्यावर म्हणाल्या, "जुन्या चिठ्ठ्यांची फाइल आण."

"दीदी, एकही चूक येत नाहीये."

"म्हणूनच आण. मोडलेलं दिसते, पोरी. बदललेलं दिसत नाही."

मी जुन्या चिठ्ठीवरचा आकडा वाचायची, त्या नवा सांगायच्या. चाळीसेक मुलं जुळली. मग मुस्कान नावाची मुलगी आली. मी वाचलं, "तीन गोळ्या."

दीदींनी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "इथं दोन आहे."

वजन तेच होतं, औषध तेच. हिशेब बरोबर अडीचवर येत होता. जुनी आवृत्ती अर्ध्याला नेहमी वर न्यायची, अडीचचे तीन. डॉक्टरांना हवं होतं तेही तेच. नवी आवृत्ती अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे न्यायची. अडीचचे दोन, पण साडेतीनचे चार. भाषेच्या नियमांत ते लिहिलेलंही होतं. यंत्राच्या दृष्टीने सगळं ठीक होतं, म्हणून दीदींनी मोठ्याने वाचावी अशी चूक पडद्यावर उमटलीच नव्हती.

मुस्कानची चिठ्ठी सकाळीच गेली होती, सहीसकट. दीदींनी आधी डॉक्टरांना सांगितलं, सगळ्या छापील चिठ्ठ्या थांबवायला लावल्या, मग तिच्या आईला फोन केला. "बेटा, तीन ही देनी है. गलती मेरी है, तुम्हारी नहीं."

ती ओळ दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. पण अजून काय काय मुकाट्याने बदललं असेल, ते कोणाला ठाऊक? दीदींनी सगळी मुलं तपासायला घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हटलं, "दीदी, गाडी." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढचं नाव वाच."

गाडी गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. दीदी हसल्या, सगळं विचारलं, फोन ठेवला. मग ओढणीने चष्मा पुसत बसल्या, बराच वेळ.

"दुबे सरांनी अडकवलं तुम्हाला," मी रागाने म्हटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मीच अडकली. लॅबमध्ये होती तर लोक 'ए रामटेके' म्हणत. डॉक्टर नावानं हाक मारत नव्हते. प्रोग्राम चालला अन् सगळे दीदी म्हणू लागले, विचारू लागले. मले गोड वाटलं. दोघा-तिघांनी शिकव म्हटलं होतं. मी नाही शिकवलं. नंतर मलेच वाटू लागलं, कोणी सोडवत काहून नाही? दार मीच लावलं होतं, बाई."

त्यांनी सगळी मुलं तपासली. आणखी चौघांच्या गोळ्या चुकलेल्या निघाल्या. त्यांच्या चिठ्ठ्या सुदैवाने अजून बाहेर गेल्या नव्हत्या. त्यानंतर दीदी नागपूरला जाऊन नातीला पाहून आल्या आणि तीन महिने मला शिकवत राहिल्या. काहीही हातचं न राखता, प्रत्येक ओळ का लिहिली ते वहीत उतरवून देत. मग मदन महल स्टेशनवरून त्या कायमच्या गेल्या. निरोपाचं भाषण त्यांनी करू दिलं नाही.

दोन वर्षांनी पायथनची पुढची आवृत्ती आली ती माझ्या वाट्याला. पाच दिवस गेले, पण निभलं. डॉक्टर स्वतः त्या खोलीत आले, म्हणाले, "अब तो तुम्हारे बिना यहाँ कुछ नहीं चलेगा." ऐकून मला फार बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

संध्याकाळी मी दीदींना फोन करून हे सांगितलं. पलीकडे नात कशासाठी तरी हट्ट करत होती.

"मग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, सर, शिकायला अजून दोघं द्या."

दीदींनी नातीला कडेवर घेतलं असावं, तिचा हट्ट थांबला. मग हळूच म्हणाल्या, "एवढंसं वाक्य. पंधरा वर्षांत माझ्या तोंडून नाही निघालं, पाह्य."