देवाच्या इच्छेला रकाना नाही

गुडघे गेल्यापासून आमच्या मामी रविवारी चर्चच्या पायऱ्यांखाली, चाकाच्या खुर्चीत बसून उपासना ऐकायच्या. खुर्ची उचलून नेऊ म्हटलं की, "मी काय कपाट हाय?" शेवटी पायऱ्यांशेजारी उतार बांधायचं ठरलं आणि दौंडच्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, कापणीच्या सणाला हाउजी ठेवली, पुकारलेले आकडे तिकिटावर खोडायचा खेळ. तिकिटाचे पैसे उताराला, जिंकणाऱ्याला कुकर.

पैसे लावून खेळ म्हटल्यावर परवानगी लागते, हे मीच बोललो. शिरूरला राहून पुण्यातल्या कचेऱ्यांची मला फार माहिती, असा माझा समज आहे. तो इतरांचाही झाला, म्हणून मामांबरोबर मलाच पुण्याच्या कचेरीत पाठवलं. मामा रेल्वेतले निवृत्त गार्ड आणि मंडळीचे खजिनदार.

कारकुनानं अर्ज पुढे ओढला. "खेळाचा निकाल कशावर? नशिबावर की कौशल्यावर?"

"नशीब आमी मानत न्हाई," मामा म्हणाले.

"मग कौशल्य लिहितो."

"आकडे खोडायला कसलं आलंय कौशल्य? खोटं कसं लिवायचं?"

"मामा, लिहू द्या की," मी पुटपुटलो.

"तू गप. साहेब, लिवा, देवाच्या इच्छेवर."

"तसा रकाना नाही हो, आजोबा. देवाच्या इच्छेनं कुकर लागत असेल, तर परवानगीही त्याच्याकडेच मागा."

मामांनी अर्ज परत घेतला. मी घाबरत विचारलं, सणाला लोक अर्पण आणतात त्या भाजीचा लिलाव तरी चालेल का? कारकून म्हणाला, "जो पैसे देतो त्याला वस्तू मिळते ना? मग त्यात आम्ही कशाला पडू?"

कुकर राहिला. दरवर्षीचा लिलावच जोरात केला. मामींनी परसातला भोपळा दिला होता. तो घेऊन त्यांना खूश करावं, म्हणून मी पुरुषांच्या बाजूनं बोली चढवत गेलो. बायकांच्या बाजूनंही कुणीतरी इरेला पेटलं होतं. मी हटलो नाही. भोपळा माझ्या पदरात पडला, तेव्हा बायकांच्या गर्दीत माझीच बायको कपाळाला हात लावून बसलेली दिसली.

लिलाव मामाच पुकारत होते. "मामा, तुम्हाला दिसत होतं ना, कोण बोलतंय ते?"

"व्हय की. पण मंडळीचा फायदा व्हत हुता, तवा मधी कशाला बोलू?"

उतार झाला. पैशात बसवायचा म्हणून गवंड्यानं आखूड केला, आणि आखूड म्हणून उभाच्या उभा. पहिल्या रविवारी आम्ही चौघांनी मामींची खुर्ची रेटत वर नेली. उचलून नेली असती तर निम्माच घाम आला असता. दारात मामींनी पदर सारखा केला, आमच्याकडे पाहिलं.

"दमलात व्हय? मग टेका हितंच. मी जाते आत."

आणि स्वतःच चाकं फिरवत गेल्या.