चुकीवर रेघ

एग्मोर स्टेशनासमोरच्या इंटरनेट सेंटरमध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी मामींनी एकदम टाळी वाजवली. "अय्यो! मला खोटं पाडलं!" आनंदानं!

मी चेन्नईच्या एका दैनिकात नवा बातमीदार होतो. मघाशी मी फोनवर आईशी पेपरातल्या नोकरीबद्दल मराठीत बोललेलं त्यांनी ऐकलं होतं. तंजावरच्या मराठी घरातल्या त्या निवृत्त शिक्षिका तमिळ हेलात म्हणाल्या, "या, पाहा."

एन्नोरच्या खाडीत साचलेल्या वीजकेंद्राच्या राखेबद्दल त्यांनी सकाळी ब्लॉगवर लिहिलं होतं. खाली तिथल्या एका कोळ्यानं कॉमेंट टाकली होती: 'टीचर, जाळी राखेनं भरतात ती अलीकडच्या नाही, पलीकडच्या काठाला. रविवारी या, होडीतून दाखवतो.'

मामींनी चष्मा कपाळावर सरकवला. एका बोटानं टाइप करत चुकलेल्या वाक्यावर त्यांनी आडवी रेघ ओढली आणि खाली खरं लिहिलं.

"पुसूनच टाका ना," मी म्हटलं. "कोणाला कळणार आहे?"

"ज्यांनी सकाळी वाचलं, त्यांना कळायला नको? तुमच्या पेपरात वाचकाचं पत्र छापून येईतो त्या पेपरात वडे बांधून होतात. इथे वाचक माझ्या शेजारी येऊन बसतो!"

आमच्या धंद्याचं पुढं काय होणार, ते मला त्या कळकट पडद्यावर लख्ख दिसलं.

मी माझ्या कॉम्प्युटरवर तोच ब्लॉग उघडला आणि आयुष्यातली पहिली कॉमेंट टाकली: 'होडीत मलाही जागा ठेवा.'

शेजारी पुन्हा टाळी वाजली.