फुलावर आलेला वाल

नव्वदच्या आसपास सासरे अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि सासूबाईंना घेऊन बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला शेतावर राहायला गेले. शेत सासूबाईंच्या माहेरचं. तिथे सासऱ्यांनी मका लावला, खायला नव्हे, गॅसला. हिरवा मका ताटासकट कापून शेणाबरोबर टाकीत घालायचा आणि त्या गॅसवर चहा करायचा. आम्ही नवरा-बायको रविवारी गेलो की आधी निळी ज्योत बघायची, मगच चहा. मी दर वेळी नव्याने थक्क व्हायचे. सुनेला तेवढं जमावंच लागतं.

शेतातलं सगळं टाकीत आणि टाकीतली मळी सासऱ्यांच्या गुलाबांना. तिसऱ्या वर्षी गुलाब माजले आणि मका गुडघ्याएवढा, पिवळाधमक. वीटभट्टीवाला माती मागायला आलाच. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या बापाची जमीन तुम्ही चुलीत घातलीत. आता एकच वर्ष. मका नाही आला तर माती भट्टीला."

सासऱ्यांनी कुठेसं वाचून थंडीत शेतभर वाल पेरला. वाल जमीन झाकतो, तिला कस देतो. मात्र फुलावर आला की नांगरून गाडायचा. पौषात शेत पांढऱ्या-जांभळ्या फुलांनी असं भरलं की मला उगाचच नाचावंसं वाटायला लागलं. बैल आले आणि सासूबाई पदर खोचून त्यांच्यासमोर बांधावर बसल्या.

"फुलावर आलेलं पीक गाडायचं? पोटुशी आहे ती वेल. आणि पोपटी कशाची लावणार, तुमच्या गॅसची?"

तासभर भांडण झालं. मी हसून हसून खाली बसले. शेवटी अर्धं शेत गाडलं, अर्धं राखलं. महिन्याभराने पोपटी लावली, म्हणजे राखलेल्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात भाजल्या. आम्ही तोंडं काळी होईपर्यंत खाल्ल्या. सर्वांत जास्त सासऱ्यांनी, नुसती चव बघतोय म्हणत.

श्रावणात शेताच्या मधोमध भांग पाडल्यासारखी रेघ दिसली. गाडलेल्या बाजूला मका डोक्यावर गेलेला, हिरवागार. शेंगा खाल्लेल्या बाजूला मागच्यासारखाच पिवळा. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून रेघ दाखवत. सासूबाई एकट्याच तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आल्या. अर्धा मका आला होता. याला आला म्हणायचं की नाही, हे विचारायची आमची छाती होईना.

दिवाळीनंतर भट्टीवाला ट्रक घेऊनच आला. "वर्ष झालं, वहिनी."

सासूबाईंच्या ओच्यात वालाचं बियाणं होतं. "माती मिळायची नाही," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाल गाडायचाय. यंदा सगळा."

आनंदाने सासऱ्यांचे डोळे भरून आले. मग एकदम त्यांचा चेहरा पडला. "सगळा? आणि पोपटी?"

"शेंगा बाजारातून आणा," सासूबाई म्हणाल्या आणि पेरायला लागल्या.