दाऊदचाचांची नजर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला तर नाहीच, कारण ती इथे कशी आली याच्याशीच ते जोडलेलं आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि दाऊदचाचांनाही ओळखत नव्हतात. सांगितल्यावर काही हलकं होईल, अशी माझी समजूत नाही. तरीही सांगतो.

मी नाशिकचा. रियाधला अल मलाझ भागात एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात अकरा वर्षं काम करतोय. व्यापारी म्हणजे माझा कफील, ज्याच्या नावावर माझा इथला व्हिसा आहे तो, अबू नासर. टायर आणि बॅटऱ्यांची दुकानं आहेत त्याची. माणूस वाईट नाही — हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे त्याच्या अंगावर काही ढकलायची सोय मला राहणार नाही. माझं काम कागदांचं. कामगारांचे इकामे, म्हणजे इथे राहायची ओळखपत्रं, गाड्यांचे परवाने, कस्टमची पत्रं. पण अबू नासरला रेसच्या घोड्यांचा नाद. शहराबाहेर त्याचा छोटासा तबेला, सहा-सात घोडे. इंग्लंडमध्ये पळालेले घोडे विकत घेऊन इथे पळवायची इकडे मोठी हौस आहे, आणि तिकडची सगळी माहिती इंग्रजीत. ऑफिसात इंग्रजी बरं कोणाचं? माझं. झालं, इकाम्यांच्या जोडीला घोडेही माझ्या टेबलावर आले.

मला घोड्यातलं काय कळत होतं? तोंड कुठे आणि शेपूट कुठे, एवढंच. पण वाचायची खाज होती. महिनाभर वाचून मी ब्रिटिश शर्यतींची उतरंड पाठ केली. सपाट मैदानावरच्या शर्यतींचे सात वर्ग, पहिला सगळ्यांत वरचा, सातवा तळाचा. पहिल्या वर्गातही पुन्हा चार पायऱ्या: ग्रुप एक, ग्रुप दोन, ग्रुप तीन आणि त्यांच्या खाली लिस्टेड. मेडन म्हणजे आजवर एकही न जिंकलेल्या घोड्यांची शर्यत. हँडिकॅप म्हणजे ज्याचं रेटिंग जास्त त्याच्या पाठीवर वजन जास्त, म्हणजे सगळे साधारण बरोबरीत यावेत. आणि सेलिंग म्हणजे जिंकणाऱ्या घोड्याचा शर्यत संपल्या संपल्या तिथेच लिलाव.

हे सगळं मी दाऊदचाचांना शिकवत असे. दाऊदचाचा आमच्या तबेल्याचे मुख्य सईस. श्रीवर्धनचे. साठीला आलेले, त्यातली चोवीस वर्षं अबू नासरकडे, त्याच्या वडलांच्या वेळेपासून. इंग्रजी अक्षर त्यांना एकही येत नव्हतं, पण घोडा ट्रकमधून उतरताना पाहूनच ते सांगायचे, की याचा मागचा डावा पाय उद्या सुजणार. आणि तो सुजायचा. गुरुवारी दुपारी मी तबेल्यावर गेलो की कडुनिंबाखाली चहा घेऊन आम्ही बसायचो. तिथे मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी मास्तर, ते विद्यार्थी, असा थाट. हँडिकॅपचं ऐकून ते म्हणाले होते, "म्हणजे जो चांगला पळतो त्याच्याच पाठीवर बोजा? माझ्या घरी पण हाच कायदा हाय." आणि सेलिंगचं ऐकल्यावर तर कपाळावर हात मारून घेतला. जिंकला त्यालाच विकायचा, ही गोऱ्यांची अक्कल त्यांना शेवटपर्यंत पटली नाही.

मी फार आनंदात होतो तेव्हा. का सांगू? ज्या माणसाला घोडा कळत होता तो माझ्याकडून शिकत होता, म्हणून. हा फुगा कुठे फुटणार होता, हे मला कळायला हवं होतं.

कारण एक भाग मी वाचलाच नव्हता. इंग्लंडमध्ये शर्यतींचं दुसरं अर्धं जग आहे, उड्यांचं. हर्डल आणि त्याहून उंच अडथळ्यांच्या शर्यती, त्यांचे वर्ग वेगळे, आणि — हे महत्त्वाचं — त्यांचं रेटिंगही वेगळं. उड्यांतला एकशे अठरा आणि सपाट मैदानावरचा एकशे अठरा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मैदानावर एकशे अठरा म्हणजे ग्रुपचा घोडा, राजेशाही माल. उड्यांत एकशे अठरा म्हणजे बरा, कष्टाळू, मधल्या फळीतला. पण आमच्याकडे वाळूत उड्यांच्या शर्यती होतच नाहीत. मग कशाला वाचायचं ते? मी ती पानं उलटून पुढे गेलो होतो.

सहा वर्षांपूर्वी विक्रीच्या यादीत मी एक घोडा शोधला. कुमैत रंगाचा, सहा वर्षांचा, रेटिंग एकशे अठरा. इतक्या वरचा घोडा आपल्या आवाक्यात कसा, असा प्रश्न पडायला हवा होता की नाही? पडला नाही. मी उलट अबू नासरला म्हणालो, यादीतला हिरा मी हेरला आहे. त्यानं माझी पाठ थोपटली. घोडा आला.

इथपर्यंत ती चूक होती. अडाणीपणाची, घमेंडीची, पण चूक. माणसाच्या हातून चुका होतात. पुढचं मात्र चूक नव्हती.

घोडा आल्याच्या तिसऱ्या दिवशी दाऊदचाचांनी मला बाजूला घेतलं. सकाळी त्याला वाळूवर फिरवत असताना आडवा पाण्याचा पाइप पडला होता. बाकीचे घोडे त्यावरून चालत गेले किंवा बिचकले. यानं दोन पावलं आखडली, पुढचे पाय पोटाशी घेतले आणि स्वच्छ उडी मारली. शिवाय त्याच्या पुढच्या पायांच्या नळ्यांवर जुने ओरखडे होते, लाकडाला घासून होतात तसे. "ह्याला उड्यांवर वाढवलाय, प्रकाश," ते म्हणाले. "हा आपल्या कामाचा नाय. कागद परत बघ जरा. चुकीचं असेल तर आताच मालकाला सांगू, मी येतो संगती."

मी ऑफिसात येऊन कागद पाहिला. जवळजवळ प्रत्येक शर्यतीच्या पुढे बारीक अक्षरात हर्डलची खूण होती. आणि एकशे अठराच्या पुढेही. खाली, त्याहून बारीक, मैदानावरचं रेटिंग होतं, एकसष्ट. तळाच्या वर्गातलं. मी किती वेळ तो कागद हातात धरून बसलो होतो? चहा गार झाला, एवढं आठवतं.

त्या आठवड्यात माझ्या फॅमिली व्हिसाच्या पत्रावर अबू नासरची सही व्हायची होती. चार वर्षं बायको आणि मुलगी नाशिकला होत्या. मुलगी फोनवर माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायला लागली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. कारण ते नव्हतंच — त्यानं रागावून चार शब्द ऐकवले असते आणि सही केली असती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मग काय होतं? मला माझं हसं करून घ्यायचं नव्हतं. कडुनिंबाखालचा मास्तर मला राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दाऊदचाचांना सांगितलं, कागद नीट पाहिला, घोडा मैदानावरचाच आहे.

ते म्हणाले, "तू वाचलंस ना? मग बरोबर असेल." आणि घोड्याकडे पाहत उभे राहिले. मला वाटलं, सुटलो. असं वाटू शकतं माणसाला, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

घोडा दोन शर्यती पळाला. दोन्ही वेळा सगळ्यांच्या मागे. दुसऱ्या शर्यतीनंतर अबू नासर तबेल्यावर आला. एकशे अठराचा घोडा शेवटचा येतोच कसा? त्यानं मला विचारलं. मी म्हणालो — हे वाक्य मला झोपेतही ऐकू येतं — मी म्हणालो, "हाताळणीनं फरक पडतो." एवढंच. कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. हाताळणारा एकच होता.

अबू नासर दाऊदचाचांकडे वळला आणि आवाज चढला. खाणं काय देतोस, व्यायाम किती देतोस, चोवीस वर्षांत आळशी झालास. चाचांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे अरबीत म्हणाले, की हा घोडा उडीचा आहे असं मला वाटलं होतं. प्रकाशला विचारा. कागद त्याच्याकडे आहे.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. अबू नासर रागानं. पण चाचा? ते आशेनं पाहत होते का? मी कितीदा ते तोंड आठवून पाहिलंय. आशा नव्हती. आरोप तर नव्हताच. ते खरंच विचारत होते. त्यांना जाणून घ्यायचं होतं, की आपल्याला जे दिसलं ते होतं की नव्हतं.

मी अरबीतच नाही म्हणालो, "ला. कागदावर मैदानाचीच शर्यत आहे."

कागद माझ्या खिशात होता. कोणीही मागितला असता तर दाखवावा लागला असता. मोबाइलवर घोड्याचं नाव टाकलं असतं तरी मिनिटभरात कळलं असतं. कोणी मागितला नाही, कोणी टाकलं नाही. एकाला माझ्या इंग्रजीवर विश्वास होता आणि दुसऱ्याला माझ्यावर.

आणि मग जे झालं, त्याची मी तयारी केली नव्हती. मला वाटलं होतं ते भांडतील, मला खोटारडा म्हणतील. त्यांनी मान खाली घातली आणि अबू नासरची माफी मागितली. म्हणाले, मालक, माझी नजर गेली असेल. म्हातारा झालो. मला माफ करा.

महिन्याभरात त्यांचा फायनल एक्झिट झाला, म्हणजे नोकरी संपवून कायमचं घरी. अबू नासरनं तिकीट दिलं, मिठी मारली, सगळं रीतसर. माझ्या पत्रावर तर त्यानं कधीच सही करून टाकली होती. विमानतळावर चाचांना सोडायला मीच गेलो. वाटेत ते घोड्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. उतरताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पोरीला आणतोयस ते बरं केलंस. त्या गाडीत बोलायला पाऊण तास होता मला. मी एसी कमी-जास्त करत राहिलो.

पुढच्या वर्षी तो घोडा अबू नासरनं जुबैलच्या एका रायडिंग क्लबला देऊन टाकला. तिथल्या एका ओळखीच्यानं मला व्हिडिओ पाठवला. घोडा रंगीत दांड्यांवरून एकामागून एक उड्या मारत होता, इतका सुंदर की पाहतच राहावं. चाचांचा नंबर माझ्याकडे होता. व्हिडिओ पुढे पाठवायला किती वेळ लागतो? त्याबरोबर एक शब्दही लिहावा लागला नसता, त्यांना पाहताक्षणी कळलं असतं. मी तो चार वेळा पाहिला आणि पुसून टाकला.

आज ऑफिसात नवी मुलं माझ्याकडून ब्रिटिश शर्यतींचे वर्ग शिकतात. मी चांगलं शिकवतो. आता उड्यांचा भागही शिकवतो, आणि दोन्ही रेटिंगं वेगळी असतात हे दोनदा बजावून सांगतो. त्यांना वाटतं, किती बारकाईनं माहिती आहे यांना.

गेल्या महिन्यात दाऊदचाचा गेले. त्यांच्या मुलाचा, इरफानचा, फोन आला. अब्बा तुमचं नाव फार काढायचे, म्हणाला, म्हणून कळवतोय. मग बराच वेळ बोलत राहिला. पूर्वी सुट्टीवर गावी आले की घोडागाडीवाले त्यांच्याकडे रांग लावायचे, हा घोडा घेऊ का, तो घेऊ का. पण कायमचे परत आल्यावर त्यांनी एकाही घोड्याला हात लावला नाही. कोणी घोडा दारात आणून उभा केला तर आत निघून जायचे. लोकांना म्हणायचे, ज्याला वाचता येतं त्याला विचारा, मला काय कळतं? सहा वर्षं असंच.

मग त्यानं विचारलं, "प्रकाशकाका, तिकडे अब्बांचं चुकलं काय होतं? त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही."

पाहा, आता कोणती सही अडली होती? कोणती नोकरी जाणार होती? अबू नासरनं सुद्धा आता हसून सोडून दिलं असतं. ज्या माणसासमोर लाजायचं तो जमिनीखाली होता, आणि त्याचा मुलगा मला विचारत होता, नीट, अदबीनं.

मी म्हणालो, "चुकलं असं नाही रे. वय झालं होतं. नजर राहिली नव्हती."

"हो," इरफान म्हणाला. "ते पण हेच म्हणायचे." आणि त्यानं माझे आभार मानले.

त्यांची नजर शेवटपर्यंत शाबूत होती. त्या घरात हे कोणालाच माहीत नाही, आणि इरफानला मी अजून फोन केलेला नाही.