टँकरने आणलेला पूर

आमच्या गिरणीतल्या देवांना फूल वाहायचं म्हणजे नेम धरावा लागायचा. देव पार छताखाली, पंख्याच्या बटणाशेजारी, खिळ्याला टांगलेल्या छोट्या देव्हाऱ्यात. मी खालून झेंडूचं फूल फेकायची. एखादं देवापुढे पडायचं, बाकीची मिरचीच्या पोत्यांवर. उदबत्ती लावायला स्टूल होतं आणि पंखा लावायलाही तेच स्टूल. नवीन माणसाला वाटायचं, इथे कुणीतरी फार उंच माणूस असणार. माझा नवरा माझ्याहून बोटभर बुटका आहे.

कारण साधं होतं. नंदुरबारच्या औद्योगिक वसाहतीत आमची मिरची दळायची गिरणी सगळ्यात शेवटी, नाल्याला लागून. दर पावसाळ्यात नाला आत यायचा. पहिल्या वर्षी पाणी देवांच्या पायाला लागलं, तेव्हा नवऱ्याने देव हातभर वर घेतले. पुढच्या वर्षी आणखी वर. बटणंही देवांच्या मागोमाग चढत गेली. जुने खिळे मात्र तिथेच राहिले, कारण खिळा काय किंवा मत काय, या माणसाने एकदा ठोकलं की काढायचं नाव नाही.

हे सगळं सुरू व्हायच्या आधी आमच्या गल्लीत रस्ता म्हणून नव्हताच. खड्डे होते आणि खड्ड्यांच्या मध्ये थोडी जमीन. धानोऱ्याहून मिरची घेऊन येणारे ट्रॅक्टर कोपऱ्यावरच थांबायचे आणि तिथून पोती डोक्यावर यायची. गल्लीतले आम्ही सगळे रस्ता मागत राहिलो आणि शेवटी मिळाला. काँक्रीटचा, गुळगुळीत, चांगला कमरेइतका उंच. आम्ही पेढे वाटले. मग पाऊस आला आणि कळलं की आधी जे पाणी खड्ड्यांवरून पलीकडे निघून जायचं, ते आता रस्त्याला अडून आमच्याच दारात मुक्काम करतंय. पाणी जायला रस्त्याखालून मोरी हवी होती. नकाशात होती म्हणे, करताना राहून गेली.

मोरी करायची तर वसाहतीच्या मोठ्या साहेबांनी जागा बघायला हवी. साहेब भर पावसात आलेही, पण कोपऱ्यापर्यंत. तिथला जुना रस्ता अजून खालीच होता, पाण्यात बुडालेला. पाणी बघून ते गाडीतूनच म्हणाले, "एवढ्या पाण्यात आत कसं येणार? ओसरलं की येतो बघायला." पाणी कुठे साचतं ते, पाणी नसताना बघणार! मी छत्रीखाली कपाळावर हात मारला.

त्याच पावसाळ्यात भिजलेली मिरची उपसता उपसता नवऱ्याने जाहीर केलं, "आते पुढला साल पाणी मझार उनं ते गिरणी बंद. सुरतले जाऊत." म्हणजे आणखी एकदा पाणी आत आलं की गिरणीला कुलूप.

सुरतेला आमचा मुलगा राहतो, सातव्या मजल्यावर. तिथे पाणी येत नाही हे खरं, पण तिथे कुणीच येत नाही. मागे राहायला गेले होते, तर लिफ्टचा आवाज आला की मी दार उघडून उभी राहायची. लिफ्ट दरवेळी आठव्या मजल्यावर जायची. सून चांगली आहे, नातू गोड आहे, पण मला तिथे जायचं नव्हतं. मला माझी मिरची, माझ्या शिंका आणि देठ खुडणाऱ्या बायकांची भांडणं हवी होती. आणि ते सगळं त्या एका न झालेल्या मोरीवर येऊन अडलं होतं.

मार्चमध्ये एका सकाळी निरोप आला, साहेब उद्या दुपारी येतात. मोठा पाहुणा येणार म्हटल्यावर आम्ही माणसं काय करतो? चुना लावतो. मी लगेच बायकांना कामाला लावलं. भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या, दारात सडा पडला, रांगोळी निघाली. आमचं बघून शेजारच्या तेलघाणीवाल्यानेही चुना काढला आणि त्याचं बघून पुढच्या पापडवालीने. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली लग्नघरासारखी दिसायला लागली. मी कौतुकाने बघत उभी होते, तेवढ्यात नवरा बाजारातून आला आणि भिंतीकडे बघतच राहिला.

"पट्टा कोठे गया?" त्याने विचारलं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दर पुरात आमच्या भिंतीवर मिरचीचा लाल पट्टा उमटायचा. पाणी कुठवर आलं याचा तेवढाच पुरावा आणि तो मी दोन हात देऊन पुसला होता. सगळ्या गल्लीचा पुसला होता.

पण मी प्रकाशा गावची लेक आहे. तापीकाठी वाढलेल्या बाईला पूर कसा असतो हे कुणी शिकवायला नको. मी ठरवलं, पूर नसेल तर आणायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याचा टँकर बोलावला.

"तू येडी शे का?" नवरा म्हणाला.

"तुमी गप बसा," मी म्हणाले.

रस्त्यावरून उतार उतरून टँकर आमच्या अंगणात आला आणि ड्रायव्हरने नळी सोडली. पाणी धो धो आलं, रांगोळी वाहून गेली आणि सगळं पाणी गायब झालं. महिनोन्महिने तापलेली जमीन ती. ड्रायव्हर कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "ताई, जमीन पी ऱ्हायनी." मी म्हटलं, पिऊ दे, सोड सगळं. टँकर रिकामा झाला तेव्हा पूर नव्हताच. गुडघाभर चिखल होता आणि त्या चिखलात टँकरचं मागचं चाक बसलं होतं, नेमकं फाटकात. तेलघाणीवाला, पापडवाली, देठ खुडणाऱ्या बायका, सगळ्यांनी मिळून ढकललं. टँकर आणखी आत गेला.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

साहेब टँकर आणि फाटकाच्या फटीतून अंग चोरून आत आले. दोन पावलं टाकली आणि त्यांचा एक बूट चिखलात राहिला. तो काढायला टँकरचा ड्रायव्हर वाकला, तर त्याची चप्पल गेली. साहेब एका पायात बूट आणि एका पायात मोजा असे आत येऊन देवांखालच्या खुर्चीत बसले. त्यांचं तोंड मिरचीहून लाल झालं होतं. मला वाटलं, झालं, सुरतेच्या पिशव्या भरा.

"जरा पंखा तरी लावा," साहेब म्हणाले.

नवऱ्याने स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि हात उंच करून बटण चाचपायला लागला. साहेब बघत राहिले.

"काका, बटण एवढं वर?"

"पाणी येस ना, साहेब."

"आणि देव?"

"त्यासले बी पोहता येत नही."

साहेब उठले. मोज्यावर लंगडत भिंतीपाशी गेले आणि चुन्यात लपलेल्या खिळ्यांवरून बोट फिरवलं. सगळ्यात खालचा, त्याच्यावरचा, त्याच्यावरचा, पार डोक्याच्या वर. "हे दर पावसाळ्याचे?" त्यांनी विचारलं. नवऱ्याने मान हलवली. माझा जीव जरा भांड्यात पडतोय, तोच साहेब वळले. "मग आज बाहेरच्या चिखलात पाणी कुठलं?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मोठे केले. काही उपयोग झाला नाही.

"ते टँकरनं शे, साहेब. मन्ही बायकोनी आणं."

वाटलं, याला आत्ता स्टुलावरून ढकलावं. तेवढ्यात त्याच्या बोटाला बटण सापडलं. पंखा बऱ्याच दिवसांनी फिरला आणि पात्यांवर बसलेली सगळी मिरचीपूड एकदम खाली आली. साहेब शिंकले, मी शिंकले, नवरा स्टुलावर शिंकून साहेबांच्या खांद्याला धरून उतरला. मग साहेबांना हसू आलं. हसायला तोंड उघडलं की शिंक यायची आणि शिंक संपली की पुन्हा हसू.

"मोरी," ते डोळे पुसत म्हणाले, "मोरी आक् छी... होईल. तुम्ही आता टँकर आणू नका!"

मोरी खरंच झाली, मृगाच्या तोंडावर. चांगली रुंद. तरी माझा विश्वास बसेना. नवऱ्याने सुरतेला मुलाला फोन करून ठेवलाच होता की खोली रिकामी कर. मी पापडवालीजवळ जाऊन रडले.

पहिला मोठा पाऊस सकाळी आला. नाला फुगला आणि आमच्याकडे वळला. नवरा छत्री घेऊन फाटकात उभा राहिला, मी दारात. पाणी रस्त्याला येऊन टेकलं, जरा घुटमळलं आणि मोरीत शिरून पलीकडे निघून गेलं. तरी तो तासभर हलला नाही. मग आत आला, छत्री झटकली, स्टूल ओढलं आणि देव खाली काढायला लागला.

म्हटलं, बांधाबांध करतोय.

त्याने देवांवरची मिरची उपरण्याने पुसली आणि देव्हारा सगळ्यात खालच्या, पहिल्या खिळ्याला अडकवला. मग ताटलीतलं झेंडूचं फूल उचलून माझ्या हातात दिलं.

"आते फेकू नको," तो म्हणाला.