हिरवी म्हणजे अर्थिंग

आयटीआयमध्ये एकतीस वर्षं मी वायरमन ट्रेड शिकवला. एवढ्या वर्षांत पोरांच्या डोक्यात एक गोष्ट मात्र पक्की बसवली: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे, असा माझा दंडक होता. ज्याला सांगता यायचं नाही त्याला मी वर्गात उभं करून असं काही बोलायचो, की तो नंतर नक्की दुसऱ्या धंद्याला लागला असेल. रिटायर होऊन मुरुम गावात घर बांधलं, तरी सवय गेली नाही. गावातल्या वायरमनांची कामं बघून मी नाक मुरडतो. मोबाईल दुरुस्तीवाल्यांना तर मी कारागीर समजतच नाही.

बायकोनं बावीस वर्षं मराठी टायपिंगचा क्लास चालवला. मागच्या वर्षी घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला. पुण्याच्या पुतण्यानं तिला मोबाईलवर लिहून ते मोबाईलच्याच आवाजात ऐकवायला शिकवलं, पण दहा बोटांनी काम केलेल्या बाईला काचेवर एक बोट घासत बसणं अपमानाचं वाटायचं. मग मी पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर मागवला. हौशी लोकांसाठी तसले उघडे बोर्ड मिळतात. तो फरसाणाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात बसवला, स्पीकर लावला आणि तिच्या क्लासमधला कडक बटणांचा जुना कीबोर्ड यूएसबीनं जोडला. ती टाईप करायची आणि डब्यातून एक बाई बोलायची. ही डब्यातली बाई सगळं एका सुरात बोलते आणि जोडाक्षरं चावून टाकते. तरी बायको तिच्या तोंडून माझ्याशी भांडायला आठवड्यात शिकली.

पण डब्याचा खरा उपयोग दुपारी व्हायचा. बायकोची धाकटी बहीण तेर गावात एकटी राहते. तिला लिहिता-वाचता येत नाही, हातात बटणांचा साधा फोन आहे. रोज जेवणं झाली की तिचा फोन यायचा. बायको फोन डब्यापुढं ठेवून टाईप करायची आणि दोघी तासभर बोलायच्या. त्या आठवड्यात बोलण्यासारखं बरंच होतं. मेहुणीची मुलं रविवारी गाडी घेऊन येणार होती, आईला पुण्याला कायमचं न्यायला. तिला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायची हिंमत होत नव्हती. "आक्का सांगंल तसं," एवढंच ती म्हणायची.

आणि मंगळवारी उंदरानं कीबोर्डची वायर प्लगच्या तोंडाशी कुरतडली.

पुतण्याला फोन केला. तो मोठ्या कंपनीत आहे. म्हणाला, "काका, सॉफ्टवेअर पुन्हा टाकून बघा." वायर उंदरानं खाल्ली आहे, हे त्याला दोनदा सांगितलं. तरी तो तेच म्हणत होता. बाजारातल्या मोबाईलवाल्यानं वायरकडं बघितलंसुद्धा नाही. "नवीन कीबोर्ड घ्या की सर," म्हणाला आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या फोनवर काच चिकटवत राहिला. एक वायर तुटली म्हणून अख्खी वस्तू फेकायची, ही यांची कारागिरी. मी एक सुटा प्लग घेऊन घरी आलो.

वायर सोलली. आत लाल, काळी, पांढरी, हिरवी अशा चार बारीक तारा. प्लगला आत चार पितळी दात, बाहेरून पत्र्याचं कवच. मला विचार करायचीही गरज वाटली नाही. लाल पहिल्या दाताला, काळी चौथ्याला. हिरवी अर्थात कवचाला, कारण हिरवी म्हणजे अर्थिंग, आणि डबाही पत्र्याचा. पांढरी दुसऱ्याला. तिसरा दात उरला, तो स्पेअर. सोल्डरिंगचा डाग इतका सुबक दिला होता की वर्गात फिरवून दाखवावा. प्लग लावताच कीबोर्डचे तिन्ही दिवे एकदा लुकलुकले. लाईट आली म्हणजे लाईन बरोबर, हेही मीच एकतीस वर्षं शिकवलेलं. बायकोनं टाईप केलं. डबा गप्प.

बुधवारी मी बोर्ड बदनाम केला. टीव्हीला जोडून बघितलं, तर पडद्यावर यायचं की काहीतरी जोडलंय, पण ते काय आहे ते ओळखता येत नाही. चीनचा माल म्हटलं. गुरुवारी सप्लाय बदलला. शुक्रवारी पुतण्याचं ऐकून सॉफ्टवेअरसुद्धा पुन्हा टाकलं, आणि त्याला ते कळवलं नाही. माझा जोड मात्र एकदाही उघडून बघितला नाही. बघायचं काय त्यात?

या दिवसांत दुपारचा फोन मी घ्यायचो. बायको चिठ्ठी लिहून द्यायची, मी ती वाचून दाखवायची. घरात रेंज नीट येत नाही म्हणून मी अंगणात जायचो. रेंजचं खरं होतं, पण अंगणात बायको नसायची हेही खरं. बुधवारच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: "जाऊ नको. माझ्याकडं राहायला ये. पुढची खोली मोकळी करून देते."

पुढची खोली म्हणजे माझं कामाचं टेबल, सोल्डरिंगचं सामान, मीटर, बोर्ड. निवृत्तीनंतर एवढी एकच जागा मी माझी म्हणून मिळवली होती, आणि ती सोडायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

"दाजी, आक्का काय म्हणती?" तिकडून आवाज आला.

"आक्का म्हणते, नीट विचार करून ठरव," मी म्हणालो.

"आजून काय?"

"पोरांचंही ऐकावं लागतं, म्हणते."

ती म्हणाली, "बरं. आक्का म्हणती तर तसंच आसंल." गुरुवारी आणि शुक्रवारीही चिठ्ठी थोड्याफार फरकानं तीच होती आणि मी वाचलेलंही तेच. आत आल्यावर बायको नजरेनं विचारायची. मी म्हणायचो, "बघते म्हणाली." कीबोर्ड मी मुद्दाम रखडवला नाही, एवढं शपथेवर सांगतो. पण घाई कुणाला होती?

शनिवारी सकाळी बायको चष्मा लावून माझ्या टेबलाशी आली. प्लग हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि वहीत लिहिलं: "चार दात. चार तारा. तिसरा दात रिकामा का?"

"स्पेअर असतो," मी म्हणालो. "आणि हिरवी अर्थिंगची. ते तुझ्या विषयातलं नाही."

तिनं खाली लिहिलं: "टायपिंगला स्पेअर अक्षर नसतं." वही माझ्यापुढं ठेवून ती स्वयंपाकघरात गेली.

मी हसलो. तरी दार लोटून घेतलं आणि मोबाईलवर यूएसबीची आकृती शोधली. शाळेतल्या पोरांसाठी काढलेलं रंगीत चित्र होतं. लाल आणि काळी फक्त करंट नेतात. टाईप केलेली अक्षरं पांढरी आणि हिरवी, दोघी मिळून नेतात. हिरवीची जागा तिसऱ्या दाताची. म्हणजे चार दिवस मी बायकोचं निम्मं बोलणं अर्थिंग समजून पत्र्यात सोडत होतो. ज्या कुणी या रंगांची वाटणी केली त्याला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. पण चित्र पोरांसाठीचं होतं, आणि ते बघायला मला चार दिवस लागले होते. माझ्या वर्गातल्या एखाद्यानं असं केलं असतं, तर त्याला मी बाकावर उभं केलं असतं.

हिरवी तार काढून तिसऱ्या दाताला लावायला पाच मिनिटं लागली. बायकोला सांगितलं, "जोड जरा सैल होता."

दुपारी फोन आला. मी उचलायच्या आत तिनं तो घेऊन डब्यापुढं ठेवला. चार दिवसांनी तिची बोटं खडखडली आणि डब्यातली बाई म्हणाली, "उद्या पोरं आली की त्यांना सांग, मी आक्काकडं चालले. पुढची खोली आजच मोकळी करते."

"कुठली खोली गं?" मेहुणी म्हणाली. "म्या तर कपडे बांधून ठिवले. तूच म्हणालीस न्हाय का, इचार करून ठरव, पोरांचंबी ऐकावं लागतंय. दाजींनी तीन दिस तेच वाचून दावलं."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त तिची भीती वाटली. मग ती कीबोर्डकडं वळली. "ते मी बोलले नव्हते. कपडे बांधलेत ते बरंच झालं, तेच घेऊन इकडं ये." तिकडून मेहुणीच्या रडण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, "येते, आक्का. येते."

फोन ठेवल्यावर बायको उठली नाही. तिनं आणखी दोन ओळी टाईप केल्या, खाली न बघता, माझ्याकडं बघत.

"माझा आवाज डॉक्टरांनी काढला. त्या जागी तुम्ही तुमचा बसवलात."

डब्यातल्या बाईला राग येत नाही. दूधवाल्याला उद्या अर्धाच लिटर दे म्हणून सांगावं, तशा सुरात ती हे बोलली. मी उठून टेबलावरचं सामान खोक्यात भरायला लागलो.