निघोज्यातली रात्र

चिंचवडच्या ऑफिसात त्या दुपारी क्लायंट व्हिडिओ कॉलवर होता आणि मी श्वास रोखून बसलो होतो. आमच्या गेममधलं गाव जुन्या काळातलं, रानात वसलेलं. तिथे दिवसाची रात्र करणारी कोडची स्क्रिप्ट माझी होती. आधीच्या डेमोत सूर्य आभाळात मध्येच अडकला होता, म्हणून या वेळी बॉस माझ्या खुर्चीमागे उभाच होता.

सूर्य नीट मावळला. सावल्या लांबल्या, विरल्या. मी हुश्श करणार तेवढ्यात क्लायंटने विचारलं, "डोंगरामागे आग लागलीय का?"

"नाही, तो रात्रीच्या आभाळाचा रंग आहे," मी म्हणालो.

"नारिंगी?"

"राव, स्क्रिप्टमध्ये घोळ आहे तुझ्या," बॉस माझ्या कानाशी पुटपुटला.

माझं डोकंच फिरलं. स्क्रिप्टची ओळन् ओळ मी तपासली होती. तो रंग मी स्वतः निवडून भरला होता. माझ्या गावी, निघोज्यात, आमच्या दारातून लहानपणापासून रात्री जो दिसतो तोच, कंपन्यांच्या दिव्यांचा.

बॉसने रात्र बदलायला तासाभराची मुदत दिली. मी तणतणत जिन्यात गेलो आणि गावी आईला फोन लावला.

"आई, कंपन्या यायच्या आधी आपल्याकडं रात्री आभाळ कसं दिसायचं गं?"

तिच्यामागे रस्त्यावर कुठलातरी कंटेनर हॉर्न वाजवत गेला.

"कसं म्हंजी?" ती म्हणाली. "तवा रात व्हायची."